मोठ्या साहेबांसमोर तोंडच उघडत नाही, ही भीती कशी घालवायची? (नोकरदार मंडळींनी जरा सविस्तर लिहा)

पांझराकाठ

नमस्कार मंडळी, इथे वाचते नेहमी, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी जळगावला एमआयडीसीत एका पीव्हीसी पाईपच्या कंपनीत क्वालिटीला आहे, गाव साक्री तालुक्यातलं. काम मला चांगलं येतं, लाईनवरचा पाईप नुसता हातात घेतला तरी ओव्हल आहे का ते कळतं, नंतर व्हर्नियर (मोजायचं साधन) लावते.

तर दर महिन्याला रिव्ह्यू असतो, मुंबईहून डायरेक्टर साहेब येतात, प्लॅन्ट हेड असतात, आणि त्यांच्यातल्या कोणी माझ्याकडे बघून नुसतं "येस, क्वालिटी?" म्हटलं की घसा कोरडा, हात गार, पाठ केलेले आकडे जागेवर नाहीत. मे महिन्यात आमचं रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढलं होतं. कारण सरळ आहे, कूलिंग टँकचं पाणीच गरम. बाहेर ४४-४५ डिग्री, चिलर (पाणी गार करायचं मशीन) पुरत नाही, पाईप आतून नीट थंड व्हायच्या आत पुढे ओढला जातो आणि मग ओव्हॅलिटी, म्हणजे पाईपची गोलाई, मापात बसत नाही. दुपारच्या शिफ्टला लाईनचा स्पीड थोडा उतरवला की रिजेक्शन खाली येतं, लॉगबुकात शिफ्टवार आकडे आहेत माझ्याकडे. पण मिटींगमध्ये प्रॉडक्शनच्या सीनियरनी "ऑपरेटर लक्ष देत नाहीत" असं सांगितलं, साहेबांनी मान हलवली, विषय संपला, आणि दुसऱ्या दिवशी दोन ऑपरेटर दादांच्या हातात मेमो. ते दोघं भर उन्हाच्या शिफ्टला त्या मशीनजवळ उभे असतात हो. मला रात्री झोप लागली नाही.

आता पुढच्या रिव्ह्यूत क्वालिटीची पाच मिनिटं मला स्वतःला मांडायची आहेत. घरी अहिराणी, शाळा मराठी, मिटींग इंग्रजीत. जो भेटतो तो म्हणतो कॉन्फिडन्स वाढव. तो कसा वाढवायचा ते कोणीच सांगत नाही, म्हणून इथे विचारतेय.

मिरचीबाजार

ताई अगदी माझंच लिहिलंय. मी नंदुरबारला जिल्हा परिषदेत आहे, आढावा बैठकीत साहेबांनी तालुक्याचं नाव घेतलं तरी उठून उभं राहताना पाय हलतात. वाचतोय, लिहा सगळ्यांनी.

केळीबाग

मी मूळचा रावेरचा, सध्या पुण्यात एचआरला. ताई, पहिली गोष्ट, तुमच्या शरीरात जे होतं ते भित्रेपणा नाही. समोर धोका आहे असं मेंदूला वाटलं की अॅड्रेनालिन सुटतं, छातीत धडधड, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे, बोटं गार, तोंडाला कोरड. वाघासमोर पळायला हे बरोबर आहे, रिव्ह्यूत बोलायला नाही, पण शरीराला तो फरक कळत नाही. यावर एक गोष्ट लगेच चालते, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, नाकाने घ्यायचा आणि सावकाश सोडायचा, तुमचा नंबर यायच्या आधी खुर्चीत बसल्या बसल्या. कोणाला दिसतही नाही.

दुसरी गोष्ट, ही भीती तुमच्या एकटीची नाही. गीर्ट हॉफस्टेड म्हणून डच संशोधक होते, त्यांनी आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांचे सर्व्हे अभ्यासले आणि वरचा-खालचा हे अंतर लोक किती गृहीत धरतात त्याचे आकडे काढले. आकडा मोठा म्हणजे अंतर जास्त. भारत ७७, डेन्मार्क १८, ऑस्ट्रिया ११. म्हणजे आपल्याकडे साहेबाला उलट बोलायचं नसतं हे घरातून, शाळेतून येतं. आपल्या गावात आजही नाना-आबा ओट्यावर बसलेले असले की पोरं बाजूला उभी राहतात, कोणी बोल म्हटल्याशिवाय बोलत नाहीत. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, तो मान आहे. फक्त कारखान्यात रिजेक्शनचं कारण सांगताना तोच मान आड येतो.

आणि हे किती महाग पडतं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण विमानांचं आहे. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट, धुकं, केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा कॅप्टन कंपनीतला अतिशय सीनियर, वैमानिकांच्या ट्रेनिंगचा प्रमुख. टेकऑफची परवानगी मिळालेली नसताना त्याने विमान पळवायला सुरुवात केली. फ्लाईट इंजिनिअरला शंका आली की समोरचं पॅन अॅम या अमेरिकन कंपनीचं विमान अजून रनवेवर आहे, त्याने विचारलंसुद्धा, पण प्रश्नाच्या सुरात, आणि कॅप्टनने ठासून नाही म्हटल्यावर तो गप्प झाला. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. त्यानंतर १९७९ मध्ये नासाने कार्यशाळा घेतली आणि पुढे विमान कंपन्यांनी ज्युनिअरला बोलायचं आणि सीनियरला ऐकायचं, दोन्हीचं रीतसर ट्रेनिंग सुरू केलं. पायऱ्या साध्या आहेत, आधी विचारायचं, नाही ऐकलं तर जे दिसतंय ते स्पष्ट सांगायचं, तरी नाही तर काय करावं ते सुचवायचं, आणि जिवाचा प्रश्न असेल तर स्वतः थांबवायचं. आपली बरीच मंडळी पहिल्या पायरीवर थांबतात कारण प्रश्न विचारणं सेफ वाटतं.

भुसावळकर_आबा

बेटा, मी रेल्वेत गाडी चालवली, भुसावळ-खंडवा, भुसावळ-इगतपुरी, सगळे सेक्शन. आमच्या वेळी ड्रायव्हर आणि असिस्टंट म्हणत, आता लोको पायलट म्हणतात. मी असिस्टंट म्हणून लागलो तेव्हा माझा ड्रायव्हर माझ्या वडिलांच्या वयाचा, करडा माणूस, त्याच्यासमोर चहा प्यायलाही संकोच वाटे. पण केबिनमध्ये नियम असा की सिग्नल दिसला की असिस्टंटने मोठ्याने पुकारायचा, ड्रायव्हरने मोठ्याने परत म्हणायचा. डिस्टंट, होम, स्टार्टर, प्रत्येक. हात दाखवून. त्याने परत म्हटलं नाही तर पुन्हा पुकारायचं. आणि सिग्नल लाल असून तो गाडी आवरत नसेल तर वय, हुद्दा काही बघायचं नाही, असिस्टंटच्या बाजूलाही इमर्जन्सी ब्रेक असतो तो ओढायचा.

आता बघ यात गंमत काय आहे. मला त्या माणसाची भीती वाटायची ती वाटायचीच, ती काही गेली नाही बरीच वर्षं. पण सिग्नल पुकारताना भीती वाटली नाही कधी. कारण ते मी त्याला सांगत नव्हतो, जे समोर दिसतंय ते मी फक्त मोठ्याने म्हणत होतो. तुझं कूलिंगचं पाणी म्हणजे तुझा सिग्नल आहे. साहेबांना पटवायला जाऊ नको, चूक दाखवायला तर अजिबात जाऊ नको. टँकचं पाणी इतकं, स्पीड इतका, रिजेक्शन इतकं, एवढं पुकार. पुढचं त्यांचं काम.

भीती जायची वाट बघत बसशील तर रिटायर होशील बेटा. भीती असू दे बाजूला बसलेली.

पांझराकाठ

आबा, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. खरंच मी आजवर मनात हेच धरून बसले होते की आधी भीती गेली पाहिजे मग बोलता येईल.

भरीतभाकरी

माफ करा पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. सगळे भीती भीती म्हणताय, जशी काय ती मनातच आहे. मी ठेकेदाराकडून कंपनीत आहे, धुळ्याला, पगार ठेकेदार देतो, उद्या कंपनीच्या साहेबाने नुसतं "हा नको" म्हटलं की परवा माझ्या जागी दुसरा. आमच्या इथे एकाने गार्ड (सुरक्षेचं कव्हर) नसलेल्या मशीनबद्दल सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, बरोबर बोलला होता, महिन्याभरात घरी. त्याची दोन पोरं शाळेत आहेत. त्याला श्वास सोडायला सांगून काय होणार. तुम्ही परमनंट, इंजिनिअर, तुम्हाला बोललं तर फार तर वाईट वाटेल. आमच्यासाठी भीती म्हणजे हिशोब आहे.

सातपुड्याची_लेक

भरीतभाकरी दादा बरोबर बोलताय तुम्ही, आणि म्हणूनच एकट्याच्या हिंमतीवर हे सोडू नये असं मला वाटतं. मी नर्स आहे, सरकारी दवाखान्यात, ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, बरीच वर्षं काढली. सर्जनसमोर नर्सने बोलायचं म्हणजे काय असतं ते मला विचारा. पण २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनची चेकलिस्ट आणली, १९ मुद्दे, भूल द्यायच्या आधी, चिरा द्यायच्या आधी आणि पेशंट बाहेर न्यायच्या आधी. त्यात चिरा द्यायच्या आधी टीममधल्या प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं. लोकांना वाटतं हे कशाला, रोज तर भेटतो. पण एकदा का तुमचा आवाज त्या खोलीत निघाला ना की दुसऱ्यांदा निघायला सोपं जातं, हे मी स्वतः अनुभवलंय. आठ देशांतल्या आठ दवाखान्यांत ही चेकलिस्ट वापरून बघितली त्याचे आकडे २००९ मध्ये आले, मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं होतं.

सर्जन तोच, नर्स तीच. पण "गॉज मोजून झाले का" हा प्रश्न कागदावर छापलेला असला की विचारणारी उद्धट ठरत नाही. म्हणून ताई, तुम्ही पाच मिनिटांच्या आपल्या प्रेझेंटेशनमध्ये एक कायमचा तक्ताच टाका, टँकचं तापमान, स्पीड, रिजेक्शन, दर महिन्याला. एकदा तो रिव्ह्यूचा भाग झाला की पुढे तुमच्या जागी कोणी लाजरी मुलगी आली तरी तिला तो वाचावाच लागेल. आणि ऑपरेटर दादांवर खापर फोडायच्या आधी सगळ्यांची नजर त्या तापमानावर जाईल.

मिटींगच्या सुरुवातीलाच काहीतरी बोला, गुड मॉर्निंग सर, तक्ता सगळ्यांना दिसतोय ना, एवढं का होईना.

बोरीकाठ

मूळ अमळनेर, आता नाशिकला एका कारखान्याचा प्लॅन्ट हेड आहे, म्हणजे तुम्ही सगळे ज्याला घाबरताय त्या खुर्चीत. तिथून काय दिसतं ते लिहितो.

खुर्ची जितकी वर तितकी माहिती गाळून येते. शॉपफ्लोअरवर जे सगळ्यांना ठाऊक असतं ते माझ्यापर्यंत येईस्तोवर प्रत्येक पायरीवर थोडं थोडं गोड होतं, आणि माझ्यासमोर येतं तेव्हा सगळं आलबेल असतं. मला रोज निर्णय घ्यायचे असतात आणि अर्धी माहिती नसते. जो माणूस शांतपणे म्हणतो "सर, आकडे असं सांगतात" त्याचं नाव मी लक्षात ठेवतो, खोटं नाही सांगत. तुमचे जे डायरेक्टर चिलर घ्यायचा की नाही ते ठरवणार आहेत त्यांना त्या टँकजवळ मे महिन्यात दुपारी तीन वाजता काय होतं ते माहीतच नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे. त्या खोलीत तुम्ही परीक्षेला बसलेल्या नाही, त्यांच्याकडे नसलेली एक वस्तू घेऊन चालल्या आहात.

आता कामाचं. एक, निष्कर्ष पहिल्या वाक्यात. आम्हा लोकांना पाच मिनिटं सांगितली तरी खरं लक्ष पहिला मिनिटभर असतं. "मे महिन्यातलं वाढलेलं रिजेक्शन दुपारच्या शिफ्टचं आहे आणि त्याचा संबंध कूलिंगच्या पाण्याशी आहे" हे आधी, मग तक्ता, मग काय हवंय ते. काय हवंय ते नक्की सांगा, ट्रायल हवी, चिलरचं कोटेशन हवं, की काय. नुसती अडचण घेऊन आलेला माणूस मला थकवतो.

दोन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. प्रॉडक्शनच्या त्या सीनियरला मिटींगच्या आधी भेटा. सगळ्यांसमोर त्यांचं म्हणणं खोडलं तर ते स्वतःचा मान वाचवायला भांडतील आणि मोठे साहेब सीनियरची बाजू घेतील, हे दहापैकी नऊ ठिकाणी होतं. त्यांच्या टेबलाशी जा, लॉगबुक दाखवा, म्हणा सर हे बघा, तुमचा अनुभव काय. त्यांना उन्हाळ्याचं माहीत नसेल असं नाही. कदाचित स्पीड कमी केला तर टार्गेट बसत नाही ही त्यांची भीती असेल. तेही कोणाला तरी घाबरतातच.

तीन, प्लॅन्ट हेडना एरवी, मिटींग नसताना, दोन मिनिटं भेटा. राउंडला येतात ना? तेव्हा टँकचं थर्मामीटर दाखवा. माणूस आधी एकदा साधा भेटलेला असला की टेबलापलीकडे तो तेवढा मोठा दिसत नाही.

भरीतभाकरी, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. ज्या कारखान्यात खरं बोलणारा घरी जातो तिथला दोष बोलणाऱ्याचा नाही, माझ्यासारख्या खुर्चीतल्या माणसाचा आहे. अमेरिकेत एमी एडमंडसन नावाच्या बाईंनी दवाखान्यांतल्या टीमचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं की चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदल्या जातात. जास्त होत नाहीत, जास्त सांगितल्या जातात, कारण सांगितल्यावर डोकं उडत नाही. हे वातावरण वरच्याने तयार करायचं असतं. तोवर तुमच्यासाठी एवढंच सांगेन की एकट्याने सगळ्यांसमोर बोलू नका, कंपनीचा जो परमनंट माणूस भरवशाचा आहे त्याच्या तोंडून किंवा सेफ्टी कमिटी असेल तर तिच्या मिनिट्समध्ये (बैठकीच्या लेखी नोंदीत) मुद्दा येऊ द्या. तुमचं नाव पुढे नसलं तरी गार्ड बसला पाहिजे.

भरीतभाकरी

हे पटलं भाऊ. खुर्चीतल्या माणसाने असं कबूल केलेलं पहिल्यांदा वाचतोय.

भुसावळकर_आबा

आणि लेखी ठेवा रे बाबांनो. आमच्या रेल्वे सेवा (आचरण) नियम १९६६ मध्ये तिसरा नियमच आहे, वरिष्ठाने हुकूम शक्यतो लेखी द्यावा, तोंडी दिला तर नंतर लेखी खात्री द्यावी, आणि हाताखालच्यानेही ती मागून घ्यावी. केंद्राच्या बाकी कर्मचाऱ्यांना १९६४ च्या नियमांत हेच आहे. मागणं म्हणजे उद्धटपणा नाही, नियम आहे. खासगीत असा नियम नसेल पण ईमेल आहे ना. "सर, आज आपण सांगितल्याप्रमाणे अमुक करत आहे" एवढीच एक ओळ. साहेब ओरडले तरी ओळ जागेवर राहते. कित्येक पोरांच्या नोकऱ्या या एका ओळीने वाचलेल्या मी बघितल्यात.

वाघूरची

एक महत्त्वाचं राहतंय म्हणून लिहिते. साहेबाचा धाक वेगळा आणि साहेबाची नजर, स्पर्श, रात्रीचे मेसेज वेगळे. त्याला भीती घालवायचे उपाय नसतात, त्याला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तक्रार ३ महिन्यांच्या आत लेखी. मुलींनी हे दोन्ही एकात मिसळून "माझाच कॉन्फिडन्स कमी आहे" असं स्वतःला समजावू नये, कळकळीने सांगतेय.

पांझराकाठ

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. वाघूरची ताई, माझ्याकडे तसं काही नाही, पण लिहिलंत ते फार बरं केलंत, हॉस्टेलच्या मुलींना पाठवलं.

एक शंका राहिली, भाषेची. आकडे मी मराठीत झरझर सांगते, इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत समोरचे पुढच्या स्लाईडवर.

केळीबाग

डायरेक्टर मुंबईचे आहेत ना, मराठी-हिंदी येत असणारच. पहिलं वाक्य आणि शेवटची मागणी, ही दोनच वाक्यं इंग्रजीत पक्की बसवा, मोठ्याने म्हणून, मनात नाही. घरातल्या कोणासमोर म्हणा. मधलं सगळं स्लाईडवर आकड्यात असू दे. आणि सुरुवातीलाच विचारा, सर डिटेल मराठीत सांगू का. विचारल्यावर नाही म्हणणारा साहेब मी फार कमी बघितलाय. भाषा अडली की माणूस हुशार असून मंद दिसतो, हा अन्याय आपल्या खान्देशातल्या पोरापोरींवर पुण्या-मुंबईत रोज होतो, तो निमूट सोसू नका.

मिरचीबाजार

आबांचं पुकारायचं वाचून मी काल आढाव्यात तसंच केलं. आधी आकडा म्हटला, मग कारण, मग थांबलो. साहेब म्हणाले ठीक आहे, पुढचा तालुका. एवढंच झालं पण पाय हलले नाहीत.

पांझराकाठ

मंडळी, रिव्ह्यू झाला. जसं झालं तसं लिहिते.

आधी प्रॉडक्शनच्या सरांना भेटले. पहिल्यांदा चिडले, मग लॉगबुक बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले स्पीड कमी करायला मी तयार आहे पण टार्गेटचं मोठ्या साहेबांना कोण सांगणार. बोरीकाठ दादा, तुम्ही म्हणालात तेच निघालं. मग ठरलं की टार्गेटचा मुद्दाही मीच आकड्यात मांडायचा, प्रॉडक्शनचे सर त्याला नाही म्हणणार नाहीत.

मिटींगमध्ये आवाज कापत होता, सगळ्यांना कळलं असणार. पहिलं वाक्य म्हटलं, मराठीत सांगू का विचारलं, साहेब म्हणाले बोला ना. तक्ता दाखवला. डायरेक्टर साहेबांनी मधेच अडवून विचारलं की आता पाऊस सुरू झाला, आता कशाला हे, आणि तिथं मी गडबडले, पण तेवढ्यात प्रॉडक्शनचे सरच म्हणाले की पुढच्या मार्चच्या आत चिलरचं ठरलं नाही तर परत हेच होईल. चिलरचं कोटेशन मागवायला सांगितलंय. घेतीलच असं नाही, मागच्या वर्षीचा डेटाही मागितलाय. तक्ता मात्र दर महिन्याच्या रिव्ह्यूत राहणार.

पण मेमोचं कोणी काही बोललं नाही, आणि मला ते बोलायला जागा मिळाली नाही. दोघांच्या फाईलला तो मेमो तसाच आहे. आता काय करू?

बोरीकाठ

मस्त झालं ताई, आवाज कापला तर कापू दे. मेमोचं परत मोठ्या मिटींगमध्ये नेऊ नका, तिथे कोणी दिलेला मेमो मागे घेत नाही. मेमोला खुलासा द्यायचा ऑपरेटरचा हक्क असतो. दोघांकडून साध्या मराठीत खुलासा लिहून घ्या, त्या दिवशीची शिफ्ट, टँकचं तापमान, लाईनचा स्पीड कोणी ठरवला होता ते. त्यासोबत लॉगबुकाच्या त्या पानांची झेरॉक्स, त्यावर क्वालिटी म्हणून तुमची सही. एचआरला द्या आणि पोच घ्या. प्रॉडक्शनच्या सरांना आधी दाखवा, आता ते अडवणार नाहीत.

भुसावळकर_आबा

पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नको बेटा. तारीख, वेळ, सही, तिन्ही.

पांझराकाठ

हो आबा. उद्या दोघांची दुसरी शिफ्ट आहे, आधी गेटवर भेटून खुलासा लिहून घेते. एक दादा म्हणाले त्यांना लिहायला जमत नाही, ते अहिराणीत सांगतील आणि मी लिहीन, मग वाचून दाखवून त्यांची सही.